भेंडीबाजारात भेंडी कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी शनिवार-रविवारी लोकांना फोर्ट, भेंडीबाजार, गिरगाव, लालबाग असं पायी फिरवतो. चालताना जागांच्या नावांच्या, म्हणींच्या, मुंबईच्या रस्त्यावरच्या शब्दांच्या गोष्टी सांगतो. लोकांना त्याच सगळ्यात जास्त आवडतात. गेल्या महिन्यात मी सांगितलं की इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडल्या वस्तीला 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे, त्याचंच भेंडीबाजार झालं. एका वयस्कर गृहस्थांनी सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे' म्हणून थांबवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुपारी, घाटी, संक्रांत येणं, चारसोबीस, पाव यांच्याही गोष्टी मी सांगतो. खरी कुठली आणि रचलेली कुठली, हे ओळखायचं कसं?"

ते गृहस्थ बरोबर होते. पण त्यांनी तुम्हाला नुसतं थांबवलं, पुढचं काही सांगितलं नाही, याची चुटपुट तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला लागून राहिली आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहिते. मी एकतीस वर्षं कोशाच्या कामात होते. शब्द चिठ्ठीवर उतरवायचा, तो कुठल्या गावचा, कुणाच्या तोंडचा, कधीपासूनचा हे लिहायचं, मग त्याचं मूळ शोधायचं. यातला मोठा वेळ मूळ शोधण्यात जात नसे. लोकांनी आधीच सांगून ठेवलेलं मूळ तपासण्यात जात असे.

भेंडीबाजारातली भेंडी म्हणजे आपल्या ताटातली भाजी नव्हे. भेंडी नावाचं झाड असतं. पिंपळासारखी पानं, पिवळी फुलं, समुद्राकाठच्या हवेत छान वाढणारं. कोकणातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आता त्या वस्तीच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. एका अंगाला उमरखाडी, म्हणजे उंबराची खाडी. दुसऱ्या अंगाला चिंचबंदर. जरा लांब गेलात तर ताडदेव, ताडवाडी, फणसवाडी, केळेवाडी, चिंचपोकळी, वडाळा. या शहराच्या जुन्या माणसांनी जागा ओळखल्या त्या झाडांवरून. असा सगळा शेजार झाडांचा असताना मधल्या एकाच वस्तीचं नाव इंग्रजी शब्दांच्या अपभ्रंशातून आलं असं म्हणायचं असेल, तर त्याला भक्कम दाखला हवा. तो कुणी देत नाही. नुसता उच्चार जुळतो, एवढंच.

आणखी एक. 'बाजाराच्या मागे' हे कुणाच्या दृष्टीनं मागे? फोर्टात राहणाऱ्या साहेबाच्या. तिथे राहणारा, तिथे दुकान टाकणारा माणूस स्वतःच्या मोहल्ल्याला 'मागचा' कशाला म्हणेल? नाव बहुतेक वेळा तिथल्या माणसाच्या तोंडी आधी असतं आणि साहेबाच्या वहीत नंतर येतं.

मुंबई या नावाचंही तेच झालं आहे. 'बॉम बाईया', म्हणजे पोर्तुगीज भाषेत चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, असं अजूनही सांगितलं जातं. पोर्तुगीज भाषेत 'बाईया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याच्यामागे 'बॉम' लागत नाही, 'बोआ' लागतं. लिस्बनहून आलेला दर्यावर्दी स्वतःच्याच भाषेत लिंगाची चूक करून गावाला नाव देईल आणि ती पुढे शतकानुशतकं कुणाला खटकणार नाही, हे पटण्यासारखं नाही. मुंबादेवी इथे होतीच.

याचा अर्थ इंग्रजी मुळाच्या सगळ्या गोष्टी खोट्या, असा नव्हे. चर्चगेट हे खरोखरच गेट होतं. फोर्टाच्या तटबंदीला जे दरवाजे होते त्यांतला हा एक, सेंट थॉमस चर्चकडे नेणारा. ते चर्च १७१८ सालचं, आजही हॉर्निमन सर्कलजवळ उभं आहे. तट १८६०च्या दशकात पाडले. दरवाजा गेला, नाव पुढे रेल्वे स्टेशनला चिकटलं. इथेही शेजार साक्ष देतो, कारण दुसऱ्या दरवाज्याचं नाव बाजारगेट स्ट्रीटला अजून आहे. शेजारी बघायची ही सवय तुम्ही लावून घेतलीत, तर निम्म्या गोष्टींचा निकाल तिथल्या तिथे लागेल.

आता संक्रांतीकडे येते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. 'संक्रांत येणं', 'संक्रांत कोसळणं' हे पानिपतावरून आलं, कारण ती लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीला झाली, असं मी कित्येक वर्षं सांगत होते. तारीख पक्की, लढाई पक्की, सण पक्का. शंकेला जागाच दिसेना. एकदा स्वामी विवेकानंदांच्या जन्माबद्दल वाचत होते. जन्म १२ जानेवारी १८६३, मकर संक्रांतीच्या दिवशी. मी पान तसंच उघडं ठेवून बसले. १८६३ साली संक्रांत १२ तारखेला होती, तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ला कशी असेल?

संक्रांत नेहमी १४ जानेवारीलाच येते, असं आपण धरून चालतो. ती हळूहळू पुढे सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. हल्ली ती कधी १४ला तर कधी १५ला येते ती त्यामुळेच. मागे मागे जात राहिलं की ती १३, १२, ११ अशी अलीकडे येते. म्हणजे पानिपताच्या साली संक्रांत होऊन गेल्यावर लढाई झाली. मग वाक्प्रचार आला कुठून? तो पंचांगातून आला. पंचांगात दर वर्षी संक्रांतीचं वर्णन असतं. ती कशावर बसून येते, काय नेसते, काय खाते, कुठून येते, कुठे बघते. तिनं जे नेसलं-खाल्लं ते महागणार, ती जिथे जाते-बघते तिथे संकट, अशी समजूत घरोघर होती. माझी आजी पाडव्याला नव्हे, संक्रांतीलाच भटजींना विचारायची, "यंदा कशावर बसलीय?" ज्याच्यावर ती आली, त्याच्यावर संक्रांत आली. सरळ आहे. पण पानिपताची गोष्ट इतकी मोठी, इतकी आपल्या काळजाजवळची, की ती या साध्या मुळाला झाकून टाकते.

पानिपतानं भाषेला जे खरोखर दिलं ते वेगळं आहे. 'पानिपत होणं' म्हणजे धूळधाण. 'विश्वास पानिपतात गेला' यातला विश्वास म्हणजे भरवसाही आणि विश्वासरावही. आणि ती प्रसिद्ध हुंडीवाल्याची चिठ्ठी : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हा सावकारी निरोप होता. वाटेत कुणी उघडला तर त्याला पैशाचा व्यवहार वाटावा, ज्याला कळायचं त्याला माणसं कळावीत. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोट, ही आपली मुंबईची भाषा त्याच जातीची आहे, फक्त उलटी फिरवलेली. तिथे पैशाचे शब्द माणसांसाठी वापरले, इथे सामानाचे शब्द पैशासाठी. चोरून बोलायचं असलं की व्यापाराचे शब्द कामाला येतात, कारण ते बाजारात मोठ्यानं बोलले तरी कुणी मान वळवत नाही. पुढे असा शब्द उघड होतो तेव्हा त्याची गुप्तता संपते. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर '५० खोके'ची घोषणा झाली, त्या दिवशी राज्यातल्या लहान मुलालाही खोक्याचा अर्थ कळला.

'ध चा मा करणं' हे मात्र संक्रांतीच्या अगदी उलट उदाहरण आहे आणि ते तुम्हाला उपयोगी पडेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातलं 'धरावे' खोडून 'मारावे' केलं, ही कथा. आनंदीबाईंनी खरोखर तसं केलं का, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्यात त्या बाईला न्याय मिळाला पाहिजे. वाक्प्रचार या कथेवरून आला का, हा भाषेचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हो असं आहे. दोन्ही प्रश्न वेगवेगळे. पानिपतात घटना खरी, पण वाक्प्रचार तिच्यावरून आलेला नाही. इथे घटनेविषयी शंका, पण वाक्प्रचार त्या कथेचाच. लोकांना फिरवताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत तर कुणी तुम्हाला अडवू शकणार नाही.

म्हणींचं मूळ शोधताना माझा सगळ्यात मोठा आधार वजनं-मापं आणि नाणी हा होता. त्यात दरबारातल्या रंगतदार कथा नसतात, पण ती फसवत नाहीत. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' घ्या. आजची मुलं यातून एवढंच समजतात की मसाला महाग पडला. चार आणि बारा मिळून सोळा होतात आणि सोळा आण्यांचा एक रुपया होतो, हे ज्याच्या हाडीमाशी होतं त्याला या म्हणीत पूर्ण रुपयाच खर्च झालेला दिसायचा. हिशोब तंतोतंत आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि म्हणीतली ही बेरीज निघून गेली. 'सोळा आणे खरं' म्हणजे शंभर टक्के खरं, हेही तिथलंच.

नवटाक हा तर माझा लाडका शब्द आहे. लालबागच्या आमच्या चाळीत लहानपणी कानावर पडायचं, "आज नवटाक मारून आलाय." मला वाटायचं, नवटाक हे दारूचंच नाव. मग कोशाच्या कामात कळलं की टांक हे वजन होतं, मुंबईच्या शेरात बहात्तर टांक. त्याचा पाव म्हणजे अठरा, पावशेर. त्याचा निम्मा म्हणजे नऊ टांक, नवटाक. वाण्याकडे नवटाक चहापूड, नवटाक तेल मागायची रीत होती. १९४९चा दारूबंदी कायदा आला, चोरून गाळलेली दारू अड्ड्यावर मोजून मिळू लागली आणि मोजमाप त्याच वाण्याच्या भाषेत राहिलं, पावशेर आणि नवटाक. पुढे किलो-ग्रॅम आले, वाण्याच्या दुकानातून नवटाक हद्दपार झालं, पण पिणाऱ्यांच्या तोंडी टिकलं. शब्द कुठे जन्मला आणि कुठे शेवटचा राहिला, या दोन जागा निराळ्या असू शकतात. शेवटच्या जागेवरून जन्म ठरवला की फसगत होते.

'पाचावर धारण बसणं' यालाही बाजाराचाच आधार आहे. धारण या शब्दाचा एक जुना अर्थ धान्याचा भाव असा आहे. रुपयाला पाचच शेर धान्य, असा भाव बसला म्हणजे दुष्काळ दारात आला, म्हणून घाबरगुंडी, असा त्याचा उलगडा करतात आणि मला तो पटतो, कारण भाव 'बसतो' हा क्रियापदाचा वापरसुद्धा बाजारातलाच आहे.

सुपारीबद्दल तुम्ही काय सांगता ते प्रश्नात नाही, पण अंदाज आहे. माहीमच्या कुणा राजानं ताटात विडा ठेवला, जो शूर तो उचलायचा, त्यावरून गुन्हेगारीतली सुपारी. ही गोष्ट रंगते खरी. पण विडा ठेवणं आणि उचलणं ही एका राजाची चाल नव्हती. 'विडा उचलणं' हा वाक्प्रचार मराठी मुलखात सगळीकडे आहे, त्यासाठी माहीमला जायची गरज नाही. आणि सुपारीचा सरळ रस्ता तर लग्नघरातून जातो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. तमाशाचा फड, वाजंत्री, बँड ठरवला की त्याला सुपारी द्यायची. सोबत इसार म्हणून थोडे पैसे. सुपारी हातात घेतली की शब्द दिला, आता त्या तारखेला दुसरीकडे जायचं नाही. कागद नाही, सही नाही, सुपारी हाच करार. आजही लालबाग-परळच्या बँजो पथकातल्या कुठल्याही मुलाला विचारा, "गणपतीत किती सुपाऱ्या लागल्यात?" तो तारखा सांगेल. त्याच्या मनाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्याकडे मूळ अर्थ जिवंत आहे. मुंबईच्या टोळ्यांनी हा शब्द उचलला तो तिथून. ठरलेलं काम, आगाऊ रक्कम, तोंडी शब्द आणि माघार नाही, या चारही गोष्टी त्यात आयत्या होत्या. म्हणून माझी विनंती, सुपारीची गोष्ट सांगाल तेव्हा माहीमच्या राजाऐवजी बँजोवाल्या पोरांपासून सुरुवात करा. तुमच्या समोरच्या माणसांना शब्द बदलताना दिसेल.

हप्त्याचं थोडक्यात सांगते. फारसी 'हफ्त' म्हणजे सात, हफ्ता म्हणजे आठवडा. दर आठवड्याला द्यायचे पैसे तो हप्ता. कर्जाचा हप्ता आणि गुंडाचा हप्ता ही एकाच शब्दाची दोन कामं आहेत. बँक महिन्याला घेते तरी तो हप्ताच.

चारसोबीसमध्ये फारसं कोडं नाही, पण एक नवी गंमत झाली आहे ती नक्की सांगा. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं ४२०वं कलम फसवणुकीचं होतं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम झालं ३१८. आता कायद्यात चारशेवीस म्हणजे लबाडी नाही. तरी कुणी कुणाला 'तीनशे अठरा आहे तो' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. आधार गेला तरी शब्द उभा राहतो, याचं हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं उदाहरण. दादर टीटी त्याच पंगतीतलं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, त्याला साठ वर्षं उलटली, टॅक्सीवाला अजून "टीटीला सोडू का?" असंच विचारतो. काळा घोडाही तसाच. घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १८७९ साली बसवला, १९६५ साली तो उचलून राणीच्या बागेत नेला आणि पुढे पन्नासएक वर्षं त्या चौकात घोडा नव्हताच. २०१७ साली नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. लोकांनी राजाचं नाव कधी घेतलंच नव्हतं, घोड्याचंच घेतलं होतं. त्यामुळे राजा परत आणायची गरज कुणाला पडली नाही.

आता ज्याला 'बंबइया' किंवा टपोरी भाषा म्हणतात तिच्याबद्दल. राडा, वाट लागणं, येडा, भिडू, बिनधास्त हे शब्द हिंदी चित्रपटांमुळे देशभर गेले आणि आता आपलीच मुलं समजतात की ते तिथून मराठीत आले. यांची तपासणी कशी करायची? मुंबई सोडा आणि गावाकडे जा. साताऱ्याकडे पावसाळ्यात कुणीही म्हणेल, "अंगणात नुसता राडा झालाय." राडा म्हणजे चिखल, पायाखाली तुडवून झालेला. त्यावरून पसारा, त्यावरून हाणामारी. येडा हा वेडाच आहे. गावाकडच्या बोलीत वेळेची येळ होते, वेशीची येस होते, तसाच वेड्याचा येडा. भिडू म्हणजे खेळातला आपल्या बाजूचा गडी. बिनधास्तमध्ये धास्ती समोर दिसतेच आहे. वाट लावणं म्हणजे वाटेला लावणं, रवाना करणं, निकाल लावणं. ज्या शब्दाचा साधा, अंगणातला अर्थ गावात अजून सापडतो, त्याचं घर तेच. मुंबईत त्याला फक्त दुसरी नोकरी लागली.

टोपणनावांचंही एक सांगायला हवं, तुम्ही गिरगावात फिरवता म्हणून. नाना चौकातले नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. भाऊ दाजी लाड यांचं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊच्या धक्क्याचे भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य. आणि धक्का म्हणजे गोदीचा धक्का, ढकलण्याचा नव्हे, हे हल्ली सांगावं लागतं. या शहरानं आपल्या मोठ्या माणसांना घरातल्या नावांनीच हाक मारली आणि तीच चौकांना दिली. मला ही गोष्ट कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त भावते.

पण नाव देण्यात नेहमीच माया असते असं नाही. घाटी हा शब्द तुमच्या यादीत आहे, त्याच्याकडे जरा थांबते.

आमचे आप्पा सातारा जिल्ह्यातून येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. मी सातवीत असताना शाळेत एका मुलीनं मला "घाटी आहे ती" म्हटलं आणि बाई हसल्या. मी रडत घरी आले. आप्पा पहिल्या पाळीहून आले होते, कानावर कापसाचे तंतू तसेच होते. म्हणाले, "बोरघाट उतरून आलो म्हणून घाटी. खोटं काय म्हणाली ती?" मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी वाद घालावा असं काही ते बोललेच नव्हते. पुढे कामाला लागल्यावर कळलं की ते शब्दशः बरोबर होते. कोकणात राहणाऱ्यानं सह्याद्रीच्या वरच्या माणसाला घाटी म्हणणं ही दिशा सांगण्याची रीत होती, जशी आपण 'खालच्या आळीतला' म्हणतो. मुंबई कोकणपट्टीतच बसलेली आहे. १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची सुरुवात झाली, १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली-उतरली आणि देशावरची माणसं लोंढ्यानं खाली आली. कमी पगार, दहा जणांची एक खोली, खानावळीतलं जेवण, धोतर-पागोटं, रांगडी बोली. ज्यांचे पाय या शहरात आधी रोवले गेले होते, त्यांनी दिशेच्या शब्दात तुच्छता भरली. शब्दात मुळात अपमान नव्हता. तो वरून ओतला गेला, आणि ओतणारे कोण होते हे आठवणं आपल्याला जड जातं, कारण त्यांत मराठी बोलणारेही होते. आज तोच शब्द दुकानात 'घाटी मसाला', 'घाटी लसूण चटणी' म्हणून कौतुकानं छापलेला दिसतो आणि वडापावावर तीच लाल चटणी आपण आणखी मागून घेतो. ही सगळी वाट तुम्ही लालबागला, एखाद्या बंद गिरणीच्या चिमणीखाली उभं राहून सांगा. पण समोर घाटावरचा कुणी असेल तर त्याच्याकडे बघून सांगा, त्याला वगळून नको.

राहिला पाव. पाव म्हणजे पायांनी तुडवलेल्या कणकेचा, ही गोष्ट तुम्ही सांगत असाल तर कृपा करून बंद करा. हा शब्द पोर्तुगीजांचा, त्यांच्या भाषेत ब्रेडला 'पांव' असा नाकातला उच्चार आहे आणि कोकणीत तो तसाच राहिला आहे. इथेही शेजार बघा. ज्या लोकांकडून पाव आला त्यांच्याकडूनच बटाटा आला, चावी आली, पगार आला, मेस्त्री आला, घमेलं आलं. वडापावात वडा तेवढा आपला जुना, बाकी बटाटा आणि पाव हे दोघे एकाच जहाजातले. 'पाव' म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून चार जोडलेल्यांतला एक, हाही नुसता उच्चाराचा योगायोग. पण पायांची गोष्ट योगायोगावर थांबत नाही. भट्टीवर राबणाऱ्या गोव्याच्या माणसाचं अन्न विटाळलेलं आहे, असं ती हळूच सांगून जाते. पाव खाल्ला म्हणून बाटला, असं म्हणणारी माणसं या महाराष्ट्रात होती. रचलेल्या व्युत्पत्तीनं कुणाच्या ताटाला आणि कष्टाला कमीपणा येत असेल तर ती 'गंमत म्हणून' सुद्धा सांगू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या व्यवसायात गोष्टी लागतात हे मला कळतं. रचलेल्या गोष्टी टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्याही लोकांनीच रचल्या आहेत आणि रचणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्या सांगतात. साहेबाच्या तोंडून आपल्या गावाचं नाव निघालं असं मानावंसं का वाटलं, हीसुद्धा एक गोष्टच आहे. फक्त 'असं सांगतात' आणि 'असं आहे' यांत अंतर ठेवा. आवाज बदलून सांगितलंत तरी पुरतं. शंका आली की चार गोष्टी विचारा : या नावाचे शेजारी कोण आहेत, तारीख जुळते का, ज्या भाषेतून आला म्हणता तिचं व्याकरण काय म्हणतं आणि हा शब्द साध्या अर्थानं अजून कुणाच्या घरात बोलला जातो का. पहिला प्रश्न चालता चालता सुटतो, बाकीच्यांना एखादी दुपार द्यावी लागते. जुन्या कोशांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. एखादा अर्थ त्यात असला तर तो गिरण्यांच्या, सिनेमाच्या, टोळ्यांच्या आधीचा, एवढं तरी तिथल्या तिथे कळतं.

आणि भेंडीबाजारात पुढच्या वेळी जाल तेव्हा आदल्या दिवशी भेंडीच्या झाडाची चार पानं आणि एखादं फूल मिळवून ठेवा. समुद्राच्या बाजूच्या रस्त्यांवर ही झाडं अजून आहेत. फूल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळपर्यंत लालसर-जांभळं होऊन कोमेजतं, म्हणून सकाळच्या फेरीलाच न्या. पान गुंडाळून कोकणातली पोरं त्याची पिपाणी करतात. ते थांबवणारे गृहस्थ पुन्हा आले, तर त्यांच्या हातात एक पान द्या. वाजवता येत असेल त्यांना.